हिरवळीचे पाणी आणि उसाचे पाणी



आपले नरसिंहपूर दोन नद्यांच्या संगमावर आहे. पश्चिमेकडून नीरा येते. उत्तरेकडून भीमा येते. लक्ष्मीनृसिंहाच्या देवळाजवळ दोघी एकमेकींना मिळतात आणि पुढे पंढरपूरकडे जातात. परगावचा पाहुणा म्हणतो, "तुमचे काय बाबा, दोन नद्या दाराशी!" त्याला एकदा वैशाखात, नृसिंह जयंतीला घाटावर आणावे. एखाद्या वर्षी पाणी भरपूर असते. एखाद्या वर्षी वाळूच जास्त दिसते. आणि कधी कधी पाणी असते, पण ते हिरवट असते, त्यात उतरायला मन घेत नाही.

असे का होते? कारण नदी आपल्या घाटावर सुरू होत नाही. ती वरून येते, आणि वर तिला पुष्कळ वाटेकरी आहेत.

भीमेचेच पाहा. पुण्याच्या वर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणे आहेत. चारही भरली म्हणजे सुमारे २९ टीएमसी पाणी साठते. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एवढ्या पाण्यावर पुणे शहर जगते. त्याच पाण्यातून एक कालवा निघतो. तो पुण्याच्या भर वस्तीतून जातो, हडपसर, लोणी, उरळी, यवत करीत दौंड तालुका ओलांडतो आणि आपल्या इंदापूर तालुक्यात येतो. म्हणजे पुण्याची माणसे आणि आपल्या तालुक्यातली कालव्याकडची रानेही एकाच रांजणातून पाणी घेतात. रांजणाशी पुणे बसले आहे. आपण पंगतीच्या शेवटाला आहोत. पंगतीच्या शेवटच्या पानावर काय पडते, ते तुम्हांला सांगायला नको.

शहराने वापरलेले पाणी कुठे जाते? तेही आपल्याकडेच येते. मुळा-मुठेतून ते भीमेत उतरते, भीमेतून उजनीच्या धरणात येते आणि उजनी सोडले की आपल्या घाटाशी. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. तेव्हापासून शहराची घाण तिथे साचत राहते. पाणी हिरवे होते, जलपर्णी माजते. पुण्यात नळ सोडला की त्याचा परिणाम असा दोन वाटांनी आपल्यापर्यंत पोचतो.

प्यायला, स्वयंपाकाला, अंघोळीला पाणी लागणारच. शहरातल्या माणसालाही तहान आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आज आपण वेगळ्या पाण्याविषयी वाचणार आहोत. शहरात मोठमोठ्या बागा असतात, क्रिकेटची मैदाने असतात, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान असते, गोल्फ नावाच्या खेळासाठी कित्येक एकर गवत राखलेले असते. मोठ्या सोसायट्यांच्या अंगणात हिरवळ असते. हिरवळीला हल्ली लॉन म्हणतात. आता तर बारामती-इंदापूरच्या रस्त्यालाही लग्नाची "लॉन्स" झाली आहेत. वऱ्हाड गवतावर बसते आणि गवताला मे महिन्यात पाणी पाजावे लागते. असो.

हे पाणी किती असते? ते मोजता येते. मोजायला फार शिक्षण लागत नाही. तुम्ही आता अंक वाचता, गुणाकार करता, तेवढे पुरे आहे.

शाळेतली मोजपट्टी घ्या. तिच्यावर सर्वांत बारीक खुणा असतात. दोन खुणांमधले अंतर म्हणजे एक मिलिमीटर. आता एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी सपाट जागा मनात आणा. तिच्यावर एक लिटर पाणी सारखे पसरले, तर त्याचा थर बरोबर एक मिलिमीटर जाडीचा होतो. आपला एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. तेव्हा एका गुंठ्यावर एक मिलिमीटर थर द्यायला शंभर लिटर पाणी लागते. हे वाक्य पाठ करून ठेवा: एक गुंठा, एक मिलिमीटर, शंभर लिटर. पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

गवताला रोज किती थर लागतो? ऊन आणि वारा जेवढे पाणी ओढून नेतात, साधारण त्याच्या बेताने. आपल्याकडे कडक उन्हाळ्यात हिरवळीला रोज सुमारे ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. एका गुंठ्याला ६०० लिटर झाले. एका एकराला, म्हणजे ४० गुंठ्यांना, २४,००० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ अडीच टँकर, आणि तेही रोज! सरकारी हिशेबाने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे. त्या मापाने एका एकर हिरवळीचे पाणी सुमारे ४३५ माणसांना पुरेल.

आता २०१६ सालची गोष्ट सांगतो. त्याआधीची दोन वर्षे पाऊस दगा देऊन गेला होता. पुण्यात दिवसाआड पाणी येत होते. लातूर शहरात तर नळच कोरडे पडले. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला नेले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पोचली. तिला दहा टाक्या जोडलेल्या होत्या आणि त्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. लोक स्टेशनवर जमले होते. पाण्याची आगगाडी पाहावी लागेल, असे कुणाला कधी वाटले होते?

त्याच दिवसांत आयपीएल नावाचे क्रिकेटचे सामने सुरू होते. मुंबई, पुणे आणि नागपूर येथेही सामने व्हायचे होते. मैदाने हिरवी ठेवायला पाणी लागणार होते. माणसांना पाणी नाही आणि मैदानाला पाणी, हे कसे, असा प्रश्न घेऊन एक संस्था मुंबईच्या उच्च न्यायालयात गेली. या सामन्यांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असे तेव्हा सांगितले गेले. क्रिकेट मंडळाने म्हटले की आम्ही पिण्याचे पाणी वापरणार नाही, सांडपाणी शुद्ध करून तेच मैदानाला घालू. न्यायालयाचे समाधान झाले नाही. लातूरला गाडी पोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, न्यायालयाने हुकूम दिला की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. पुढे १ मेच्या पुण्यातल्या सामन्याला तेवढी सवलत मिळाली, बाकीचे सामने गेले.

गावोगाव पारावर लोकांना हा निकाल आवडला. आम्हांलाही आवडला. पण आम्ही जन्मभर शाळेत गणित शिकवले. त्यामुळे ६० लाखांचा आकडा पाहून आम्ही पाटी घेतली आणि दुसरा एक हिशेब मांडला. तो तुम्हांला सांगितलाच पाहिजे, जरी तो थोडा बोचला तरी.

पाटाने, मोकळे पाणी सोडून केलेल्या उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत सुमारे दोन ते अडीच मीटर पाणी जाते, असे शेतीचे जाणकार सांगतात. अडीच मीटर म्हणजे २,५०० मिलिमीटर. आता आपले पाठ केलेले वाक्य आठवा. एका गुंठ्याला २,५०० गुणिले १०० म्हणजे अडीच लाख लिटर. एकराला त्याच्या ४० पट. किती झाले? एक कोटी लिटर.

पुन्हा वाचा. सगळ्या सामन्यांना ६० लाख. आपल्या एक एकर उसाला एक कोटी. लातूरच्या त्या पहिल्या गाडीच्या हिशेबाने एका एकराला वीस गाड्या.

कुणी म्हणेल, "गुरुजी, ऊस हे पोटाचे पीक आहे, क्रिकेट हा खेळ आहे." खरे आहे. उसावर पोरांची शिक्षणे झाली, लेकींची लग्ने झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पोट आणि खेळ एका तराजूत घालू नयेत. पण पाण्याला ते कळत नाही. धरणातून एक कोटी लिटर कमी झाले, म्हणजे झाले. इंदापूर तालुक्यात पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. आकाश देते पाचशे, ऊस मागतो अडीच हजार. बाकीचे सारे नदी, कालवा किंवा विहीर यांतूनच आणावे लागते. म्हणून शहराला जो प्रश्न विचारायचा, तोच आपल्या बांधावरही विचारावा लागतो: एवढी मोठी हिरवी जागा ओली ठेवायची, तर कमीत कमी किती पाण्यात ती ओली राहील?

या प्रश्नावर शहरांनी बरेच उपाय शोधले आहेत. त्यातले काही आपल्या कामाचे आहेत.

अमेरिकेत लास व्हेगस नावाचे शहर आहे. ते वाळवंटात आहे. तिथे पाऊस आपल्याहूनही फारच थोडा. तिथल्या पाणी खात्याने १९९९ पासून लोकांना हिरवळ काढून टाकण्यासाठी पैसे देणे सुरू केले. गवत काढा, त्या जागी कमी पाण्यावर जगणारी झाडे लावा आणि जेवढे गवत काढले तेवढ्याचे पैसे घ्या. मग २०२१ साली तिथल्या राज्याने कायदाच केला. ज्या गवतावर कुणी खेळत नाही, कुणी बसत नाही, जे नुसते रस्त्याकडेला आणि कचेऱ्यांपुढे शोभेला आहे, त्याला २०२७ पासून नदीचे पाणी घालायचे नाही. मुले खेळतात ती मैदाने मात्र यातून वगळली. हा भेद आम्हांला पटतो. शोभा वेगळी आणि उपयोग वेगळा.

काही शहरांत मोठ्या बागेला वर्षाचे पाणी ठरवून देतात. बाग किती गुंठे, त्या महिन्यात ऊन किती, यावरून आकडा काढायचा. बागेच्या नळाला वेगळे मीटर. ठरल्यापेक्षा जास्त घेतले तर दर चढता. आपल्या म्हाताऱ्या माणसांना यात नवल वाटणार नाही. कालव्यावर शेजपाळी होती, पाळीचा दिवस ठरलेला होता, पाटकरी उभा असे. फरक एवढाच की आपण पाणी दिवसांनी आणि तासांनी मोजत आलो. लिटरने मोजले नाही.

आपल्या शेजारच्या राज्यात बेंगळुरूला मार्च २०२४ मध्ये पाण्याची मोठी टंचाई झाली. तेव्हा तिथल्या पाणी मंडळाने बागेला आणि गाड्या धुवायला पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी केली. जो वापरील त्याला ५,००० रुपये दंड. तिथल्या कब्बन पार्क या मोठ्या बागेत सांडपाणी शुद्ध करून तेच झाडांना घालण्याची सोय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

वापरलेले पाणी बागेला, हा उपाय आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गवत काही फुलपात्राने पाणी पीत नाही. त्याला खडकवासल्याचे गाळलेले, औषध घातलेले पाणी कशाला हवे? पुण्यात मोठ्या गृहसंकुलांना अट असते की आपले सांडपाणी आपणच शुद्ध करून बागेला व संडासाला वापरावे. अट कागदावर चांगली आहे. यंत्र बसवतात, पण ते चालवायला वीज आणि माणूस लागतो. मग पुष्कळ ठिकाणी यंत्र गप्प उभे राहते आणि टँकर येतो. जिथे यंत्र नीट चालते, तिथे पाण्याच्या नळ्या वेगळ्या रंगाच्या ठेवतात, म्हणजे चुकून कुणी ते पाणी पिऊ नये.

आणखी एक योजना तर थेट आपल्यासाठीच झाली. पुणे महापालिकेला खडकवासल्यातून वर्षाला साडेअकरा टीएमसी पाणी मंजूर झाले, आणि त्याबदली तिने साडेसहा टीएमसी पाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावे, असा करार झाला. २०१० नंतरच्या काळात मुंढव्याला मोठे पंप बसले. नदीतले पाणी उचलून ते जुन्या कालव्यात सोडतात आणि ते खालच्या शेतांना मिळते. कल्पना उत्तम. पण शहर मंजुरीपेक्षा पुष्कळ जास्त पाणी घेते, आणि परत येणारे पाणी नीट शुद्ध झालेले नसते, अशी खालच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. विहिरींना वास येतो, रानात उतरले तर अंगाला खाज सुटते, असे लोक सांगतात. आमचे मत स्पष्ट आहे. उसने घेतलेले भांडे घासून परत करावे.

आता एक प्रयोग सांगतो. तो बागेचे लोक करतात. तुषार सिंचनावर कांदा, गहू, भुईमूग घेणाऱ्यांनीही करावा. सरळ भिंतीचे, एकसारखे आठ डबे घ्या. तुषार जिथे पडतात तिथे ते इकडेतिकडे ठेवा. काही नळीजवळ, काही लांब. पंधरा मिनिटे पाणी चालू ठेवा. मग बंद करा आणि मोजपट्टी उभी धरून प्रत्येक डब्यात किती मिलिमीटर पाणी साचले ते वहीत लिहा. समजा आकडे असे आले: ५, ६, ५, २, १, ६, ५, २. बेरीज ३२. भागिले आठ. सरासरी ४ मिलिमीटर.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, पंधरा मिनिटांत ४ मिलिमीटर पडते. हिरवळीला दोन दिवसांचे १२ मिलिमीटर द्यायचे असले तर ४५ मिनिटे पुरेत. पण समजा, माळी बटन दाबून जेवायला गेला आणि दोन तासांनी आला. पडले ३२ मिलिमीटर. वीस मिलिमीटर फुकट. एका एकरावर ते ८०,००० लिटर होतात, म्हणजे आठ टँकर. गवताची मुळे वरवर असतात. जास्तीचे पाणी त्यांच्या खाली निघून जाते, ते गवताच्या काही कामाचे नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १ आणि २ मिलिमीटर आलेले डबे पाहा. तिथे तुषाराचे तोंड गाळाने बुजले असेल, किंवा वाऱ्याने फवारा भलतीकडे जात असेल. त्या जागी गवत पिवळे पडते. मग माळी काय करतो? पिवळा तुकडा हिरवा व्हावा म्हणून सगळ्या बागेला जास्त वेळ पाणी देतो. तोंडात अडकलेला खडा काढायला पाच मिनिटे लागली असती. आपल्या रानातही असेच होते. रान समपातळीत नसले की उंचवट्यावरचा ऊस सुकतो, आणि त्या दोन सऱ्यांसाठी आपण अख्खे रान तुंबेपर्यंत दारे धरतो. आधी रान सारखे करावे.

वेळेचेही महत्त्व आहे. भर दुपारी, वारा सुटलेला असताना तुषार चालवला तर पाण्याचा बराच भाग हवेतच विरतो. पहाटे चालवावा. वीज रात्रीच येते म्हणून आपण कुरकुरतो, पण पाण्याच्या दृष्टीने रात्र वाईट नाही. सापकिरडाची भीती मात्र खरी आहे. बॅटरी आणि बूट घेतल्याशिवाय जाऊ नये. बागेत झाडाखाली वाळलेला पाला पसरतात, तसे उसात पाचट पसरावे. पाचट पेटवून देण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. जाळलेले पाचट म्हणजे रानावरची सावलीच काढून घेतली. आणि ठिबक लावले, नीट चालवले, तर उसाचे पाणी निम्म्याच्या आसपास वाचते असा अनुभव आहे. नुसत्या नळ्या अंथरून उपयोग नाही. ठिबक असूनही "एकदा मोकळे पाणी सोडू या" म्हणणारे पुष्कळ आहेत.

जास्त पाणी दिले की पीक जास्त येते, हा समज आपल्या मुलखात फार जुना. त्याचे फळही जुने. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. कोरड्या माळाला पाणी आले, लोक हरखले, वाटेल तसे पाणी सोडू लागले. पंचवीस वर्षांत कालव्याखालच्या कितीतरी जमिनींवर मीठ फुलले. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१०च्या सुमारास नीरा खोऱ्यातल्या खारवटलेल्या जमिनींचा अभ्यास केला. पाणी जमिनीत जिरत जाते, खालची पातळी वर येते, त्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उन्हाने उडते आणि क्षार मागे राहतात. मग तिथे ऊस सोडा, हरळीही धड येत नाही. अशी पांढरी रकाने आजही बारामतीपासून खालपर्यंत दिसतात. शहरातल्या हिरवळीला जास्त पाणी घातले तर पाणी वाया जाते. आपण जास्त घातले तर पाणी जाते आणि रानही जाते.

हिशेब

आता वही काढा.

एका शाळेपुढे ५ गुंठे हिरवळ आहे. तिला रोज ६ मिलिमीटर पाणी लागते. रोजचे लिटर किती? माणशी ५५ लिटर धरले तर ते पाणी किती माणसांना पुरेल?

दुसरा हिशेब रानात जाऊन करायचा आहे. दोनशे लिटरचे एक पिंप पंपाच्या तोंडाखाली ठेवा. घड्याळ लावा. पिंप किती सेकंदांत भरते ते पाहा. समजा ४० सेकंदांत भरले. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, आणि तासाला १८,००० लिटर. एका एकरावर तासाला साधारण साडेचार मिलिमीटर पाणी पडले. तुमच्या पंपाचा आकडा वेगळा येईल. तो वहीत तारखेसह लिहा. त्याखाली या पाळीला पंप किती तास चालला, ते लिहा. गुणाकार करा आणि पुढच्या वर्गाला येताना वही घेऊन या.